तळमजल्यावरचा जिना

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी काटकोनाने शर्ट अंगात घातला आणि बटणांची मोहीम हाती घेतली. डाव्या हाताच्या दोन बोटांची पेरं गेली होती, उरलेला पंजा बँडेजमध्ये होता. एकट्या उजव्या हाताने पहिलं बटण लागायला चार मिनिटं लागली, दुसऱ्याला तीन. पाचवं लागल्यावर कळलं, की सगळी बटणं एकेक घर खाली सरकली आहेत. छापखान्यात कागद केसभर तिरका कापला गेला तरी त्याला चैन पडत नसे, काटकोन हे टोपणनाव त्यावरूनच पडलेलं. त्याने मुकाट्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"राहू द्या हो, एक दिवस तिरके गेलात तर काय बिघडतंय?" चहा गाळता गाळता बायको म्हणाली.

तेवढ्यात तिचा थोरला भाऊ आला. दादा छापखान्यात मुकादम होता. त्याने टेबलावर एक टाईप केलेला कागद ठेवला. "सही कर आणि मोकळा हो. रविवारी घरच्या जिन्यावरून पडलास, एवढंच लिहिलंय."

"दादा, आम्ही तळमजल्यावर राहतो," बायको म्हणाली. "जिना आणायचा कुठून?"

"शेजारणीचा लिहू."

"रविवारी शेजारणीच्या जिन्यावर हे काय करत होते, ते पण लिही मग!"

दादाचे कान लाल झाले. "तुला थट्टा सुचतेय. चौकशी झाली तर पाचर बाहेर येईल."

पाचरीचं नाव निघताच काटकोनाची मान खाली गेली. कागद कापायच्या यंत्राला दोन बटणं असत. दोन्ही हातांनी दाबली तरच पातं खाली येई, म्हणजे हात पात्यापासून लांब राहत. पण त्यात वेळ जाई. म्हणून दादाने लाकडी पाचरी करून दिल्या होत्या. डाव्या बटणात पाचर ठोकली, की डावा हात कागद सरकवायला मोकळा. काटकोनाला ती ओबडधोबड वाटली, म्हणून त्याने तिच्या कडा आपल्या हाताने घासून सरळ केल्या होत्या. आता भरपाई मागायची कोणत्या तोंडाने?

कागद बिनसहीचाच खिशात घालून तो कामगार कचेरीत गेला. खिडकीमागच्या बाईंना त्याने पाचरीची सगळी कहाणी सांगितली, कडा घासल्याचीसुद्धा.

बाईंनी अर्ज पुढे सरकवला. "चूक कोणाची, असा रकाना दिसतोय का बघा."

त्याने अर्ज दोन्ही बाजूंनी पाहिला. नव्हता.

"काम करताना लागलं ना?"

"हो, यंत्रावर."

"मग उपचार आणि घरी बसलेल्या दिवसांचा पगार हा तुमचा हक्क आहे. कोणी उपकार करत नाही. मात्र घरी पडलो असं लिहून दिलंत, तर हातचं घालवाल."

त्याने रेघा आखायची पट्टी मागून घेतली आणि सरळ ओळींत, पाचरीसकट, खरं ते लिहिलं. शिक्का मारलेली प्रत घेऊन तो छापखान्यात गेला.

दादाने ती उभ्याउभ्या वाचली आणि स्टुलावर बसला. "माझं नाव घातलंस?"

"विचारलं नाही कोणी. विचारलं तर सांगेन, दादा."

"मालक मला घरी बसवतील."

"जिन्याचा कागद मालकांनी करायला सांगितला ना? तेही सांगू. दोघं मिळून."

काटकोन उरलेल्या दोन यंत्रांपाशी गेला, त्यांच्या डाव्या बटणांतल्या पाचरी उपटून त्याने शर्टाच्या खिशात टाकल्या. कामगार मुकादमाकडे बघू लागले. दादाने खण उघडला, आतली जादा पाचर काढली आणि तीही त्याच खिशात सोडली.

खिशाचं बटण लावायला काटकोनाला दोन मिनिटं लागली. तोवर कोणीही यंत्र सुरू केलं नाही.