आबांचा कच्चा दात

माझी म्हाळसा आत्या यवतला दातांची डॉक्टर आहे. राहू गावच्या आमच्या वस्तीवरची पहिली डॉक्टर! शनिवारी शाळा सुटली की मी घरी जाण्याआधी तिच्या दवाखान्यात थांबते. फोन उचलते, पेशंटांना नंबरानं आत सोडते आणि आत्याला प्रश्न विचारून हैराण करते.

"पूनम, तुझ्या तोंडाला कुठलं सिमेंट लावू गं?" असं ती म्हणते. पण उत्तर देते.

दातांचं सिमेंट म्हणजे एकच काहीतरी असेल, असं मला वाटायचं. पण आत्याच्या कपाटात किती प्रकार! चांगल्या भक्कम दातावर कॅप बसवायला एक. दात मोडून खुंटी एवढीशीच उरली असेल तर रेझिनचं, महागाचं. आणि पुण्याच्या लॅबमधून पक्की कॅप येईपर्यंत जी कच्ची कॅप घालतात, तिच्यासाठी आणखी वेगळं. मला हे कच्चं सिमेंट फार आवडतं. बिचाऱ्याचं काम बघा ना! पेशंटानं कितीही बडबड केली तरी धरून राहायचं आणि आत्यानं ओढलं की मुकाट्यानं सोडायचं.

यंदा आमच्याच घरचा पेशंट निघाला. माझे आजोबा, म्हणजे आत्याचे वडील, भिमा आबा. दातानं ऊस सोलायला गेले आणि पुढचा दात मोडून बसले.

दुसऱ्या कुणाचा मोडला असता तर एवढं काही नव्हतं. पण वस्तीवरच्या बिरोबाच्या जत्रेत सुंबरान आबाच गातात. आधी आबांच्या तोंडून देवाचं नाव निघणार, मगच बाकीच्यांच्या ओव्या. आणि आता सुंबरान म्हणायला गेलं की फटीतून नुसती हवा! बारकी पोरं फिदीफिदी हसली. त्या दिवसापासून आबांनी 'स' असलेले शब्दच टाकून दिले. चहात साखर कमी हवी असली तर "गोड कमी टाक" म्हणायचे. माझ्या संपतदादाला तर नुसतं "ए" करायचे.

एकदा मला म्हणाले, "यंदा हौशीरामालाच गाऊ दे. त्याचं दात हायेत अजून."

हौशीराम मामा आमच्या गजी नाचाचे ढोलवाले. गातात बरं, पण आबांनी असं म्हणावं? मला रडूच आलं.

आत्यानं आबांना खुर्चीत बसवलं, रूट कॅनाल केलं, माप लॅबला पाठवलं आणि कच्ची कॅप घातली. कच्च्या सिमेंटात एरवी लवंगतेल असतं, पण तिनं मुद्दाम बिनलवंगतेलाचं काढलं. आबा चूळ भरायला उठले तसं मी विचारलं, का? तर म्हणे आबांची खुंटी ठेंगणी आहे, पक्की कॅप रेझिननंच टिकेल, आणि दाताला लवंगतेल लागलेलं असलं की रेझिन नीट घट्टच होत नाही. आबांनी मात्र त्या सिमेंटचा वास घेतला आणि घरी आले.

जत्रेच्या दिवशी सकाळीच आत्यानं आमच्यासाठी दवाखाना उघडला. पक्की कॅप आली होती, अगदी खऱ्या दातासारखी. आत्यानं कच्ची कॅप नुसती धरली, तर ती हातातच आली.

"एवढी सैल कशी?" आत्या पुटपुटली.

मी शेजारी कापूस घेऊन उभी. माझं नाक म्हणजे नाक! "आत्या, लवंगेचा वास येतोय."

आबा वर पंख्याकडे बघायला लागले.

"आबा, काय लावलंत?"

"कुठं काय."

"आबा!"

मग मात्र आबा 'स' टाळायचंही विसरले. "आगं, तुझ्या औशिदाला वासच न्हवता. दाताचं औशिद आन् लवंग न्हाई? म्हनलं पोरगी कामात हुती, घालायची राहिली आसंल. उद्या कॅप निघाली तर लोकं म्हाळसेला नावं ठिवतील. मंग रोज दोन थेंब मीच सोडत हुतो. तुला कळू बी दिलं न्हाई."

आत्या चिडणार होती, मी तिच्या भुवया बघितल्या. पण तिला हसू फुटलं, इतकं की मास्क हलायला लागला. "माझं नाव राखायला माझंच काम बिघडवलंत व्हय?"

"मला काय म्हाईत? बसव की आता पक्की."

"आज न्हाई. आज बसवली तर महिनाभरात तुमच्या भाकरीत निघंल. दात साफ करते, थोडे दिवस थांबू. आज परत कच्चीच."

"मंग कच्चीला तरी ते दणकट शिमिट लाव. आज सुंबरान हाय, म्हाळसे."

आत्यानं कपाट उघडलं. मला कळलं तिला काय वाटत होतं ते. दणकट लावलं तर आजचा दिवस निभेल, पण नंतर कच्ची कॅप काढताना खुंटीच मोडायची, आणि मग कसलीच कॅप नाही. तिनं कपाटातल्या दोन्ही ट्यूबा बघितल्या आणि सोडणारीच घेतली.

"आबा, मला तुमचा दात पुढच्या जत्रेलाबी पायजे," एवढंच म्हणाली. नवीन कच्ची कॅप केली, बसवली आणि ट्यूब पर्समध्ये टाकली.

दुपारी देवळापुढं ही गर्दी! गजीचा फेर रंगला होता, ढोल घुमत होते. फेर थांबला, आबा घोंगडीवर येऊन उभे राहिले, कानावर हात ठेवला. आणि तेवढ्यात कुणीतरी उत्साहानं मूठभर भंडारा उधळला, नेमका आबांच्या तोंडावर. आबांना जी शिंक आली!

त्यांनी चटकन तोंडावर हात धरला. माझ्या लक्षात आलं. कॅप उडाली होती. आबांनी आधी आत्याकडं बघितलं, मग हौशीराम मामांना हातानं खूण केली. तू गा.

मामांनी एकदा आबांकडं, एकदा पर्स उघडणाऱ्या आत्याकडं बघितलं आणि गळ्यातला ढोल सारखा केला. "छ्या! आमचा आजून घाम न्हाई निघाला. वाजवा रं!" परत फेर सुरू.

मी घोंगडीवर गुडघे टेकले. काळ्या लोकरीत पांढरा दात सापडायला कितीसा वेळ लागणार? आत्यानं तो बाटलीतल्या पाण्यानं धुतला, माझ्या मोबाईलच्या कव्हरवर सिमेंट कालवलं.

"मान वर. आ करा. हलायचं न्हाई."

आणि आबा, ज्यांनी आत्याचं आजवर एक धड ऐकलं नव्हतं, ते सगळ्या गावासमोर तोंड उघडून बसले!

"काय करती गं डाक्टरीन?" मागून एक म्हातारी.

"दात चिकटवती," आत्या म्हणाली.

"ढोलाच्या तालावर?"

तेवढ्यात परत एका पोरानं भंडाऱ्याची मूठ उचलली. मग मला राहवेना. मी ताडकन उठले आणि होता नव्हता तेवढा आवाज काढला, "सिमेंट वाळतंय! कुणी भंडारा उधळायचा न्हाई! सुंबरान होईस्तवर मुठी झाका!"

मोठमोठी फेटेवाली माणसं, पण सगळ्यांनी मुठी झाकल्या. एक आजोबा तर म्हणाले, "व्हय बाई, व्हय."

आत्यानं बोटानं कॅप दाबून धरली होती. मग बोट काढलं, कडेचं सिमेंट अलगद खरवडलं आणि मान हलवली. ढोल थांबले.

आबा उठले. पहिलाच 'स' असा निघाला, स्वच्छ, की मागच्या पोरांची कुजबुजच बंद! आत्या सुरुवातीला गाणं ऐकतच नव्हती, नुसता दात बघत होती, ओठ घट्ट मिटून. नंतर कधीतरी तिनं दाताकडं बघायचं सोडलं आणि डोळे मिटून घेतले.

सुंबरान संपेपर्यंत एकही मूठ उघडली नाही. संपलं, आणि मग जो भंडारा उडाला म्हणता, मला माझी आत्यासुद्धा दिसेना.