एक भोक वर

लग्नाआधीपासून ल्युबेन मला सांगत आलाय, "झऱ्यावरचा तो उभा कातळ माझी गाडी चढली ना, की त्याचं नाव तुझंच, रादका!" आमच्या क्लबाची रीतच आहे तशी. रिमोटवरची गाडी मध्ये हात न लावता जो पहिला वर नेईल, त्याने कातळाचं नाव ठेवायचं. गावाभोवतीच्या सगळ्या कातळांची बारशी झाली, हा एकटा राहिला. आणि मी.

चढावर ल्युबेनची गाडी मागून उचलायची आणि उलटायची. अंगणात चाचणी घेताना रिमोट माझ्या हातात असतो आणि हा जमिनीला नाक लावून चाकांच्या आसाला धरून ठेवणाऱ्या दांड्यांकडे, म्हणजे लिंककडे बघत असतो. गेल्या वर्षीच मी म्हटलं, "अरे, मागचे वरचे लिंक गाडीच्या सांगाड्याला एक भोक वर लाव. मग ढुंगण नाही उचलणार ती."

"तुला काय कळतंय," म्हणाला.

मग गावच्या पोस्टात ती कालिना नोकरीला आली आणि क्लबातही शिरली. तिने नवी गाडी जुळवायला घेतली आणि लिंक बसवायला कुठे आली? आमच्याकडे! माझ्या स्वयंपाकघरात, मी भाजलेली चीजची बानित्सा खात म्हणते, "ल्युबेनदादा, मागचे वरचे लिंक एक भोक वर घेतले तर?"

"वा! काय डोकं आहे!" म्हणाला हा.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. दादा म्हणाली म्हणून काय झालं? मी बानित्साचं ताट उचलून नेलं, तरी याला पत्ता नाही. तिचा एकेक लिंक परत परत मोजत बसला. स्वतःच्या गाडीला बोट लावलं नाही.

रविवारी सकाळी हा अंगणात चाकं पुसत होता. तिची! मी आत त्याच्या गाडीचे स्क्रू काढले आणि मागचे वरचे लिंक एक भोक वर लावले.

कातळापाशी कालिनाचा नंबर आधी लागला. गाडी छान चढत होती, दातओठ खात का होईना, पण मान्य करते. टोकाशी तिने घाई केली आणि गाडी गडगडत खाली आली. ल्युबेन असा धावला! माझ्या बाळंतपणात नव्हता धावला मेला. गुडघ्यांवर बसून तिच्या गाडीची धूळ झटकायला लागला.

"ल्युबेन, तुझा नंबर!" आमचे पंच मिंचोकाका ओरडले.

"थांबा हो, हिचा लिंक वाकलाय!"

रिमोट माझ्याच हातात होता. "मी चालवते," म्हटलं. गाडी कुणाची आणि हात कुणाचा, याला आमच्यात बंधन नाही.

हळूहळू सोडली. मागची चाकं दगडाला धरून राहिली. टोकाशी जरा थांबले, मग थोडा दाब दिला आणि गाडी वर. लोक ओरडले तेव्हा कुठे ल्युबेनने मान वर केली.

"चढली? रादके, चढली?" तो नाचायलाच लागला, हातात अजून तिचं चाक. "काका, लिहा! रादका!"

मिंचोकाकांनी रंगाचा डबा उघडला. "नाव हिने ठेवायचं. बोल पोरी, काय लिहू?"

"लिहा, 'तुला काय कळतंय'," मी म्हटलं. "आणि जरा मोठ्या अक्षरात. खालच्या रस्त्यावरून वाचता आलं पाहिजे. हा रोज तिथूनच कामाला जातो."