गल्लीतल्या दोन पिना

तिने तेरावी पिन उचलली, हवाई फोटोतल्या, रस्त्याखालच्या मोरीच्या कोपऱ्यावर नेमकी टेकवली आणि स्क्रीनच्या तळाचा आकडा पाहिला. चूक पुन्हा वाढली होती.

आठ महिने तिचं हेच चाललं होतं. रस्ते, पाणी, वीज आणि जमीन अशी चार खाती, प्रत्येकाचा सर्व्हर वेगळा आणि तोंडं चार दिशांना. वेब सर्व्हिसने या सगळ्यांना एका ऑनलाइन नकाशावर नांदायला लावायचं होतं, आणि उद्या सकाळी दहाला तो नकाशा सगळ्यांसाठी उघडणार होता. जमीन खात्याचा एकच जुना कागदी नकाशा, त्यावरची प्रत्येक खूण पिनेने फोटोतल्या जागेशी जोडत, बसवायचा राहिला होता. तो नेमका तिच्या राहत्या गल्लीचा होता, आणि तीस वर्षांपूर्वी तो काढला होता तिच्या बाबांनी, मोजणीदार असताना, मोजणीची साखळी ओढत.

बाबांचं काम म्हणजे बावनकशी. बारा पिना वीतभराच्या आत बसल्या होत्या. फक्त त्यांच्या घरासमोर, मोरीपाशी आणि विजेच्या खांबापाशी, कागदावरचा रस्ता समोरच्या शिवणकाकूंच्या दाराकडे चार मीटर झुकला होता. फोटोत तोच रस्ता दोरी धरल्यासारखा सरळ होता. रुंदीकरणाची रेघ रस्ते खात्याने या कागदावरूनच आखली होती. कागद खरा धरला तर ती काकूंच्या पुढच्या खोलीतून जात होती, आणि फोटो खरा धरला तर हिच्या स्वयंपाकघरातून.

साहेब मागे येऊन उभे राहिले.

"त्या शेवटच्या दोन पिना काढून टाक. आकडा खाली येईल."

"आकडा येईल साहेब, पण रस्ता कागदावरच्या वाकड्या जागीच राहील."

"चौदातल्या दोन गेल्या तर काय आभाळ कोसळतंय? त्या गल्लीत कोण जातंय बघायला?"

मी रोज जाते, हे तिने सांगितलं नाही. संध्याकाळी लॅपटॉप पिशवीत घालून ती निघाली, तेव्हा चौदाच्या चौदा पिना जागेवर होत्या आणि चूकही.

काकू पुढच्या खोलीत मशीनवर होत्या. आई गेल्यावर शाळेतून आली की ती याच मशीनच्या पायाशी चिंध्यांत बसून अभ्यास करायची. रुंदीकरणाची नोटीस आता कात्रीखाली दबून पडली होती.

"ठमे, एवढे नकाशे जोडतेस, माझी एक खोली जोडून दे की."

"मशीन मागच्या खोलीत नाही का मांडता येणार, काकू?"

"मशीन येईल गं. गिऱ्हाईक यायला नको? मागे येऊन कोण ब्लाउज टाकणार?" काकूंनी दोरा दातांनी तोडला. "असो. तुझ्या बाबांनी मोजलंय म्हणजे रेघ खरीच असणार. दुसरा कोणी असता तर भांडले असते."

ती घाईघाईने उठली. काकूंच्या खोलीसमोरच तिचं स्वयंपाकघर होतं. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते तिने आजवर फक्त ऐकलं होतं.

बाबा ओट्यापाशी कांदा चिरत होते, एकसारख्या जाडीचा, नेहमीसारखा. चष्मा टेबलावर होता. तिने पिशवी त्याच्या शेजारी ठेवली, पण उघडली नाही.

"बाबा, आपल्या दारात रस्ता वळतो का हो?"

"वळतो. नकाशात आहे ना."

"फोटोत सरळ आहे."

"फोटो वरून काढतात. मी चालत मोजलंय."

सुरी चालत राहिली. तिला बाबांचा राग आला, आणि त्यांच्या वाकलेल्या मानेकडे बघून स्वतःचाही.

"साहेब म्हणतात, तिथल्या दोन पिना काढल्या की झालं. कुणाला कळणारही नाही."

"मग?"

"काढल्या नाहीत अजून."

समोरून मशीनचा आवाज येत होता. बाबांनी सुरी खाली ठेवली आणि हात धुऊन, प्रत्येक बोट वेगळं पुसलं. मग खणातली मोजणीची जुनी टेप काढून तिचं टोक त्यांनी तिच्या हातात दिलं.

"धर. पुढच्या भिंतीला."

लहानपणी धरायची तसं तिने ते भिंतीला दाबून धरलं. बाबा मागे सरकत गेले, ओट्याच्या मधोमध थांबले आणि पेन्सिलीने फरशीवर रेघ मारली.

"शेगडी मागे न्यावी लागेल," ते म्हणाले. "नळही."

ती टेप धरूनच पुढे आली आणि वाकली. रेघ बरोबर चार मीटरवर होती. चष्मा अजून टेबलावरच होता, आणि आकडा तिने त्यांना सांगितलाच नव्हता.

"हे घर बांधलं त्या वर्षीचाच नकाशा आहे तो," बाबा म्हणाले. "घर वाचावं म्हणून वळण मीच घातलं."

तिने टेप गुंडाळायला घेतली. ती दोनदा निसटली.

"उद्या किती वाजता उघडणार म्हणालीस?"

"दहाला."

"पिना राहू दे आहेत तिथेच."

त्यांनी चष्मा घातला, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि चपला पायात सरकवल्या. दारात क्षणभर ते चौकटीला धरून उभे राहिले. मग रस्ता ओलांडून काकूंकडे गेले.

तिने लॅपटॉप उघडला. थोड्या वेळाने समोरचं मशीन थांबलं.