न धुता टांगलेली बंदूक

पक्षाघात झाला आणि आमच्या डॅडींची सगळी भाषा गेली, एक शब्द सोडून. 'नाही.' देवाने एवढ्या शब्दांतून नेमका हाच मागे ठेवावा! सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते काही खोटं नाही.

भूक लागली तरी नाही, पोट भरलं तरी नाही, पाठ खाजवायची असली तरी नाही. तीन वर्षं मी त्यांचं हगणंमुतणं काढतेय, म्हणून मला त्यातले सूर कळतात. दुखत असलं की लांबलचक ओढून म्हणतात. राग आला की दातांतून, तोडून. आणि एक मऊ नाही आहे, जवळजवळ पुटपुटल्यासारखं. ते खुशीचं. ते निघतं फक्त माझा भाऊ व्हर्लिन खोलीत आला की. मी भरवते, मी पुसते, मी कूस वळवते, पण मऊ नाही मला कधी मिळालं नाही. लाज वाटते सांगायला, बावन्न वर्षांची घोडी मी, पण मला ते एकदा तरी हवं होतं. फक्त एकदा.

आमचं घर खोऱ्याच्या अगदी वरच्या टोकाला. घरात आम्ही तिघंच. व्हर्लिनची बायको त्याला सोडून गेली, माझा नवरा खाणीत गेला तो राहिलाच. व्हर्लिन लाकडाच्या गिरणीत जातो, मी घर बघते. मला तो सिस म्हणतो, म्हणजे बहीण.

डॅडींची ठासणीची बंदूक म्हणजे आमच्याकडचा देव. त्यांच्या आजोबांनी घडवलेली. डिसेंबरात ठासणीच्या बंदुकीने शिकार करायला परवानगीचा एक आठवडा असतो, आणि तो संपला की ती धुऊन, चरबी लावून वर्षभरासाठी ठेवायची. बंदुकीची ही जळकी दारू मोठी वाईट. बार उडाला की नळीत जी काजळी राहते ती हवेतलं पाणी ओढते, आणि दुसऱ्या दिवशी आत तांबूस धरायला लागतं. म्हणून डॅडींचा नियम होता की आधी बंदूक धुवायची, मग जेवायचं. नळीतून शेवटची चिंधी पांढरी निघाली की ती टेबलावर आणून दाखवायची, मगच ताट.

धुवायचं काम व्हर्लिनचं. पंधरा वर्षांचा असताना एकदा तो भुकेजला आणि आधी जेवायला बसला. डॅडींनी ताट उचललं, त्याचा सदरा काढायला लावला आणि ती न धुतलेली नळी पोटाशी धरून त्याला बाहेर पायरीवर बसवलं. बर्फ पडत होता. लोखंड कातडीला चिकटलं. सोडवताना जे सोललं त्याचा वण अजून त्याच्या बेंबीशेजारी आहे. तरी "हो सर, चुकलं सर" म्हणत होता बिचारा. बापाला सरच म्हणायचं, हाही नियमच.

आणि मी? मला तर हातच लावायचा नव्हता. बाईचा हात लागला की नळी गंजते, हे डॅडींचं ठाम मत. नऊ वर्षांची असताना मी नुसता नळी साफ करायचा गज उचलून दिला होता. त्यांनी तो माझ्यादेखत साबणाने घासून घेतला. दोनदा.

तर या डिसेंबरात, आठवड्याच्या शेवटच्या दिवशी, व्हर्लिनने ती बंदूक उतरवली. आयुष्यात पहिल्यांदा स्वतः शिकारीला नेली. डॅडी पडून बघत होते. त्याने हरणाचा एक नर मारला, संध्याकाळी सोलून टांगला, आणि बंदूक तशीच आणून डॅडींच्या पलंगासमोरच्या भिंतीवर, हरणाच्या शिंगांच्या दोन खुंट्यांवर ठेवली. हात धुतले आणि जेवायला बसला.

मी म्हटलं, "अरे, धुतली नाहीस?"

"नाही धुतली."

"डॅडींना वास येईल."

"येऊ दे की. म्हणून तर तिथं ठेवलीय."

सडक्या अंड्याचा वास असतो तो, लपत नाही. सकाळी मी खोलीत गेले तर डॅडींच्या नाकपुड्या फुलल्या होत्या आणि डोळे भिंतीवर. नाही, नाही, नाही, चाललं होतं. व्हर्लिन कॉफीचा पेला घेऊन दारात उभा.

"काय झालं सर? कसला वास येतोय सर? बंदूक धुवायला पाहिजे म्हणता? मग म्हणा ना. 'व्हर्लिन, कृपा करून धू.' एवढंच म्हणा, सर. मी थांबतो."

आणि खरंच थांबला मेला. कॉफी संपेपर्यंत थांबला. डॅडींच्या गळ्याच्या शिरा ताणल्या, तोंडातून लाळ आली, आणि शब्द आला तो एकच.

"नाही म्हणताय? बरं. तुमची मर्जी." आणि गेला गिरणीत.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तर त्याने एक चिंधी गजाला लावून नळीत फिरवली, बाहेर काढली आणि डॅडींच्या नाकासमोर धरली. काळीच होती, पण कडेला तांबूस लागलं होतं. "रंग येतोय सर. छान येतोय." मी म्हणाले, व्हर्लिन, पुरे आता, म्हातारं मरेल. तर माझ्यावरच वसकन आला. "तू हात लावलास तर बघ, सिस. मग त्याला आंघोळीला तूच उचल." मी एकटी कशी उचलणार? म्हणून गप्प बसले. पण खरं सांगते, गप्प बसण्याचं तेवढंच कारण नव्हतं. मलाही थोडं गोड वाटत होतं.

चौथ्या दिवशी मात्र मला एक विचार आला आणि तो काही केल्या जाईना. ही बंदूक जर मी धुतली तर? व्हर्लिन नाही, मी. मग म्हाताऱ्याला मान्य करावंच लागेल की नाही? कुणाच्या हाताने वाचली ते त्याच्या डोळ्यांदेखत होईल. मग ते मऊ नाही माझ्यासाठीच निघेल, जाईल कुठे!

व्हर्लिन गेल्याबरोबर मी किटली चढवली. बादली डॅडींच्या पलंगाजवळ आणली. बंदूक उतरवली, तसं त्यांनी दात खाल्ले. नाही! म्हटलं, बघा तरी आधी. नळी अडकवून ठेवणारी पाचर ठोकून काढली, नळी दस्त्यापासून सुटी केली. कुणी शिकवलं नव्हतं मला. चाळीस वर्षं स्वयंपाकघराच्या दारातून बघत आले, तेवढ्यावर केलं. नळीचं बूड साबणाच्या कढत पाण्यात बुडवलं आणि गजाला चिंधी लावून वर-खाली, वर-खाली. काळं पाणी निघालं, शाईसारखं. दुसरं तपकिरी. चिंध्या बदलत गेले. मनगटं भरून आली. मग उकळतं पाणी वरून ओतलं, म्हणजे लोखंड तापतं आणि आपलं आपण सुकतं. मग कोरड्या चिंध्या. राखाडी, मळकट, फिक्कट, आणि अकरावी पांढरी. अगदी चर्चला जाताना घालायच्या सदऱ्यासारखी.

वाचली होती हो नळी! कुठंतरी एखादा डाग असेल, पण वाचली होती. मला हसू आवरेना. चरबी लावायच्या आधी मी ती चिंधी घेऊन त्यांच्याजवळ गेले, गुडघ्यावर बसले आणि दोन्ही हातांवर धरून दाखवली.

"बघा डॅडी. तुमच्या डेल्फीने केली. पांढरी आहे की नाही?"

त्यांनी चिंधीकडे पाहिलं. मग माझ्या हातांकडे पाहिलं. त्यांचा डावा हात अजून थोडा चालतो. तो त्यांनी हळूहळू उचलला. मला वाटलं, आता माझ्या डोक्यावर ठेवतील. देवाशपथ तसं वाटलं. त्यांनी चिंधी उडवून लावली. आणि माझ्या बोटांना लागलेली त्यांची बोटं पांघरुणाला पुसली. दोनदा. मग दातांतून, तोडून, "नाही."

आणि दाराकडे बघायला लागले. व्हर्लिनची वाट!

माझ्या डोक्यात काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. याच हातांनी मी त्यांचं ढुंगण धुते. तेव्हा नाही विटाळत? तेव्हा पुसत नाहीत बोटं!

मी स्वयंपाकघरात गेले. हरणाचं मांस मुरवायला मिठाचं पाणी केलेलं होतं पातेलंभर. ते आणलं. डॅडींसमोर उभी राहिले, नळीच्या बुडाच्या भोकात चिंधीचा बोळा दाबला आणि त्या चकचकीत, कोरड्या नळीत सावकाश ओतलं. त्यांना दिसावं म्हणून खिडकीचा पडदा बाजूला केला होता. सुरुवातीला ते ओरडले. मग ओढून ओढून म्हणायला लागले. नंतर तर एक नवाच सूर लागला, जो मी कधी ऐकला नव्हता, अगदी भीक मागणारा. मी ऐकत ऐकत शेवटचा थेंब ओतला. मग बोळा काढून जास्तीचं पाणी बादलीत पाडलं, पाचर बसवली आणि बंदूक ओलीच्या ओली खुंट्यांवर ठेवून दिली.

व्हर्लिनला काही कळलं नाही. वास गेला तर त्याला वाटलं, विरला असेल. रोज सकाळी दारात उभा राहून तो "म्हणा ना सर" करायचा, आणि डॅडी त्याच्याकडे न बघता माझ्याकडे बोट करायचे. नाही, नाही. व्हर्लिन म्हणायचा, "तिला काय दाखवताय? ती नाही सोडवणार तुम्हाला." नळीच्या तोंडाखाली, भिंतीला चिकटवलेल्या कागदावर एक तपकिरी ओघळ उतरला होता. तो आम्हा दोघांनाच दिसत होता, मला आणि डॅडींना.

पंधरा दिवसांनी, रविवारी, व्हर्लिन चर्चहून आला तो वेगळाच. टेबलाशी बसला, टोपी हातात फिरवत.

"सिस, पाणी तापव. बस झालं आता. मला पण झोप लागत नाही. म्हातारा रोज रडतो गं."

"मग काय करणार?"

"धुतो. त्याच्यासमोर धुतो, चरबी लावतो, पांढरी चिंधी त्याच्या हातात देतो. आमचं मिटलं एवढ्यावर." आणि लहानपणी हसायचा तसा हसला.

मी पाणी तापवलं. दुसरं काय करणार होते? तो डॅडींच्या शेजारी पलंगावर बसला, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "चुकलं सर." आणि काय सांगू, डॅडींनी ते मऊ नाही म्हटलं. माझ्यादेखत. एवढं सगळं त्याने करूनही.

मग त्याने गज घातला. अर्ध्यावर अडकला. जोर लावून ओढला तर चिंधीला लाल चिखल आणि लोखंडाचे पापुद्रे. दुसरी चिंधी फाटूनच आली. नळी उजेडाकडे धरून त्याने आत पाहिलं.

"न धुतल्याने असं होत नाही. पंधरा दिवसांत नाही होत." त्याने बोट चिखलात बुडवून जिभेला लावलं. "मीठ."

डॅडी माझ्याकडे बघत होते. मग तोही बघायला लागला.

"सिस?"

"हो, मीच."

"अगं, मी नुसता धडा शिकवत होतो! नुसती काजळी असती तर घासून निघाली असती. ही माझी होणार होती गं. माझी!"

"मग धुवायची होतीस," मी म्हटलं.

त्याने मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. नळी मांडीवर घेऊन तो डॅडींच्या पांघरुणात तोंड खुपसून रडला, आणि डॅडी आपल्या त्या डाव्या हाताने त्याचे केस कुरवाळत राहिले. मी बादली उचलून बाहेर ओतून आले.

त्या दिवसापासून डॅडी माझ्या हातून खात नाहीत. व्हर्लिन गिरणीतून सहाला येतो, तोवर उपाशी. त्याने आल्यावर भरवलं तर चार घास खातात. अंगाची नुसती काडी झालीय. डॉक्टर म्हणतात, दिवसातून तीनदा पोटात गेलंच पाहिजे, नाहीतर वसंत काही दिसायचा नाही यांना. म्हणून मी माझं काम करते. सकाळी आणि दुपारी मक्याचा पाव ताकात कुस्करते, चमचा भरते, तोंडाशी नेते. ते ओठ मिटून घेतात. पहिले काही दिवस मी अर्धा तास बसायचे, विनवायचे, खा हो डॅडी, एक घास. आता एक ते पाच मोजते आणि ताट कुत्र्यापुढे ठेवते.