सासूबाईंनी नावं ठेवली नाहीत

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हतं. ती एका जागी टिकत नाही म्हणून सासूबाईंनी लग्नानंतर लगेचच ते ठेवलं आणि घरभर रुळलं. पण त्या रविवारी दुपारी ती नावाला जरा जास्तच जागत होती. पास्त्यासाठी पाणी उकळत ठेवलं, खिडकी उघडली, शेगडीची बटणं तपासली, खिडकी लावली, पुन्हा बटणं तपासली.

कारण तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. मध्यंतरी तिने तापाने अंथरूण धरलं होतं. ताप गेला, पण जाताना तिचा वासच घेऊन गेला. साबण, लसूण, ओला टॉवेल, सगळं सारखंच. खारट, आंबट, गोड तेवढं जिभेला कळत होतं. बाकी शून्य.

एखाद्या शिंप्याचं हे झालं असतं तर फारसं बिघडलं नसतं. भिंगरी शाळेच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाकीण होती. आजारपणाची रजा संपली होती आणि उद्या हजर व्हायचं होतं. मॅनेजरबाईंनी फोनवर फर्मान सोडलं होतं, "पोरं तुझ्या हातच्या बेक्ड पास्त्यासाठी जीव टाकतायत. उद्या तोच कर, चीज सढळ हाताने घाल." म्हणून आज घरी ही रंगीत तालीम. वासाशिवाय जमलं, तर कुणाला काही कळायचं कारण नाही. नाही जमलं तर... इथवर विचार आला की ती उठून बटणं तपासायची. वास न कळणारी स्वयंपाकीण कोण ठेवून घेणार?

टोमॅटोचा सॉस नजरेनेच जमला. रंग गडद झाला, कडेला तेल सुटलं. पास्ता किंचित कच्चट असतानाच निथळला. खरी पंचाईत पांढऱ्या सॉसची होती. लोण्यावर मैदा टाकला आणि तिचा हात थबकला. कच्चा वास जाईपर्यंत मैदा परतायचा, हे ती कॅन्टीनमध्ये हाताखालच्या दोघींना घोकून घोकून शिकवायची. आता तो गेला की राहिला हे कुणाला विचारायचं? तिने अंदाजाने दूध ओतलं. ढवळलं. ओव्हन तापला का ते पाहायला वळली, ट्रेला लोणी लावलं, जायफळ कुठे ठेवलं म्हणून तीन डबे उघडले, आणि परत येऊन ढवळलं तेव्हा सॉस छान पांढराशुभ्र दिसत होता. हुश्श.

पास्ता, लाल सॉस, पांढरा सॉस, चीज, असे थर लागले. ट्रे ओव्हनमध्ये गेला. मग तिने काचेतून इतक्यांदा डोकावून पाहिलं की बाहेरच्या खोलीतून नवरा ओरडला, "अगं, तो काही दुसऱ्या दाराने निघून जाणार नाहीये!" तो चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतो. दिवसभर एका स्टुलावर बसणाऱ्या माणसाला काय कळणार?

वरचं चीज सोनेरी झालं, कडेने बुडबुडे आले. ट्रे थोडा निवू द्यायचा असतो हे माहीत असूनही तिने लगेच सुरी घातली. सगळं ताटलीत ओघळलं.

नवऱ्याने पहिला घास घेतला आणि आईकडे पाहिलं. सासूबाईंनी घास गिळला. "छान झालंय हं," त्या म्हणाल्या.

भिंगरीने चमचा खाली ठेवला. या बाईंनी तिने दिलेल्या पाण्यालासुद्धा नावं ठेवली होती, ग्लास नीट विसळला नाही म्हणून. त्यांच्या तोंडून "छान"? आणि वर "हं"?

ती ताडकन उठून स्वयंपाकघरात गेली. सिंकमध्ये सॉसचं पातेलं नव्हतं. ते घासून पालथं घातलेलं होतं. भांड्यांना सासूबाई कधी हात लावत नसत. तिने ते सुलटं करून पाहिलं. इतकं घासूनही तळाला तपकिरी डाग राहिला होता.

मागे सासूबाई येऊन उभ्या होत्या.

"करपलं होतं ना?" भिंगरीने विचारलं.

"घरभर वास सुटलाय."

"मग छान कशाला म्हणालात?"

"परवा तू फाटलेलं दूध ग्लासात ओतलंस आणि आंबट का लागतंय म्हणून चार वेळा चाखलंस. तेव्हाच कळलं मला. गॅसची बटणं सारखी तपासतेस तेही बघते. आता त्यात आणखी काय बोलायचं?"

"बोला ना!" भिंगरीचा आवाज फुटला. "तुम्हीच गोड बोलायला लागलात तर मी विश्वास कुणावर ठेवू, आई?"

आणि ती रडली. उभ्या उभ्याच, ओट्याला धरून. सासूबाईंनी तिला रडू दिलं. मग एक खुर्ची ओढत आणली, शेगडीशेजारी टाकली आणि ठाण मांडून बसल्या.

"पुन्हा कर. मी सांगते."

मैदा परतताना त्या मान पुढे काढून बसल्या. "अजून कच्चा आहे... आहे अजून... हं, गेला. ओत दूध. ढवळ. कुठे निघालीस? ओव्हन जागेवरच आहे, तू ढवळ."

"उद्या तिथे कोण सांगणार मला?"

"हाताखाली दोघी आहेत ना? त्यांना नाकं आहेत ना? पण आधी तुझ्या बाईंना खरं सांगायचं. पोरांना करपलेलं वाढून गप्प बसायचं नाही."

"आणि नाही ठेवलं तर?"

सासूबाईंनी चीजचा डबा तिच्यापुढे सरकवला. त्यांनाही ते माहीत नव्हतं.

दुसरा ट्रे बाहेर आला तेव्हा भिंगरीचा हात सुरीकडे गेला, पण सासूबाईंच्या डोळ्यांकडे पाहून तिने तो मागे घेतला. ट्रे निवेपर्यंत तिघं त्याच्याभोवती बसून राहिली. या वेळी थर नीट कापले गेले. सासूबाईंनी घास घेतला आणि नाक मुरडलं.

"करपलेलं नाही. पण मीठ कमी आहे."

भिंगरीने घास तोंडात घोळवला. नीट, सावकाश.

"मीठ बरोबर आहे," ती म्हणाली. "वास गेलाय माझा. जीभ जागेवर आहे."

नवऱ्याचा चमचा हवेतच राहिला. सासूबाईंनी आणखी एक घास घेऊन मुद्दाम बराच वेळ चावला.

"असेल बरोबर," त्या म्हणाल्या. "उद्या बाईंनाही असंच सांग. याच आवाजात."

"सांगते," म्हणत भिंगरीने बसल्या जागेवरूनच आणखी एक तुकडा वाढून घेतला.