टाकीतलं पाणी टाकीत

माझा आवाज मोठा आणि सवय वाईट. एकच गोष्ट मी गिऱ्हाइकाला तीन-तीनदा सांगतो. नेमकं त्या दिवशी एक वाक्य सांगायचं राहिलं.

२००६ साल असेल. राजारामपुरीत माझं शोभेच्या माशांचं दुकान होतं. सम्मेद पाटील या व्यापाऱ्याच्या बंगल्यात मी खाऱ्या पाण्याची टाकी बसवून दिली होती, रंगीत मासे आणि जिवंत प्रवाळांची. सम्मेदला हौस पाहुण्यांना दाखवण्यापुरती. सांभाळायची सगळी त्याच्या आईनं. अक्काताई बहात्तर वर्षांच्या, जैन घरातल्या, मुंगीलासुद्धा वाट देणाऱ्या. मासे उपाशी राहतील म्हणून दिवसातून चार वेळा खाणं टाकायच्या. त्या खाण्यानं पाण्यात फॉस्फेट वाढलं आणि शेवाळ माजलं.

मी फॉस्फेट ओढून घेणारे तपकिरी दाणे मागवले. एकदम जास्त घातले तर प्रवाळांना सोसत नाही, म्हणून वाटीभरच मोजून जाळीच्या पिशवीत बांधून दिले. दाण्यांवर गंजासारखी धूळ असते, ती आधी धुवावी लागते. मी लग्नासाठी गारगोटीला निघालो होतो, म्हणून फोनवरच सांगितलं, "टाकीतलं बादलीभर पाणी काढा, त्यात पिशवी खळखळून धुवा, मग फिल्टरमध्ये ठेवा." धुतलेलं पाणी मोरीत ओता, एवढं म्हणालो नाही. हे काय सांगायला लागतं?

लागतं. अक्काताई जन्मभर पाणी गाळून पीत आल्या होत्या. गाळल्यावर फडक्यात राहतात त्या बारीक जिवांना जिवाणी म्हणतात. ती ज्या विहिरीची, त्याच विहिरीत अलगद सोडायची, नाहीतर ते जीव मरतात. त्यांनी ती लाल झालेल्या पाण्याची बादली, थेंब न सांडता, टाकीत परत ओतली.

दुसऱ्या दिवशी मी पोचलो तेव्हा पाणी निवळलं होतं आणि प्रवाळांवर तांबूस थर बसला होता. एरवी फुलांसारखी उघडी असायची, ती सगळी मिटलेली. मी निम्मं पाणी बदललं, पाणी साफ करणारा कोळसा घातला, फिल्टर धुतला. धूळ प्रवाळांच्या अंगात गेली होती, ती काढायला माझ्याकडे काही नव्हतं.

"त्यांचं पाणी त्यास्नीच दिलं की रं," अक्काताई म्हणाल्या. "त्येच चुकलं व्हय?"

"तुमचं नाही, माझं चुकलं. मी सांगितलं नाही."

"वतलं कुणी?"

त्या काचेसमोर पाट टाकून बसल्या, हात जोडले आणि म्हणाल्या, "ही उघडंपर्यंत मी अन्नपाणी घ्यायची न्हाय."

सम्मेद मुंबईला होता. त्यानं फोनवर आईला समजावलं, रागावला, शेवटी रडला. त्या ऐकून घेत राहिल्या.

उपासाच्या तिसऱ्या दिवशी सकाळी प्रवाळांचं मांस सुटून पाण्यात तरंगू लागलं होतं, खाली पांढरे सांगाडे. अक्काताईंचे ओठ फुटले होते, नजर अधू असल्यानं त्यांना ते दिसत नव्हतं. रात्रीच्या गाडीनं आलेला सम्मेद हातात तांब्या घेऊन उभा होता. त्यानं मला बाजूला घेतलं. "तुम्हीच सांगा. मेली म्हटल्यावर तरी नियम सुटंल."

मलाही तसंच वाटलं. एवढा मोठा आवाज माझा, पण जेमतेम निघाला.

"अक्काताई, ती गेली. आता वाट बघून उपयोग नाही. पाणी घ्या."

त्यांनी कपाळ काचेला टेकवून आत पाहिलं.

"सगळी?"

"सगळी."

सम्मेदनं तांब्या पुढं केला. त्यांनी तो हलक्या हातानं बाजूला सारला.

"उघडंपर्यंत म्हटलंय मी," त्या म्हणाल्या. "आता ती कुठली उघडायची?"