दुसरं पान

सीतारामरावांनी खोडरबर उचलला आणि ‘किल्ला’मधला अगदी चांगला उतरलेला ‘ल्ला’ पुसून टाकला. त्यात त्यांचा फायदा होता दोनेक मिनिटांचा. अख्खी ओळ पुसली तर दहा. पानाला ओळी बारा.

“पोट बघ त्याचं. चेपलं होतं,” ते म्हणाले.

गंधालीने मान वाकडी करून बघितलं. पुसलेल्या जागी बघण्यासारखं काही उरलं नव्हतं, पण आजोबांच्या शब्दावर शंका घ्यायचं तिचं वय नव्हतं. सात वर्षांची होती. तिने पेन्सिल पुन्हा धरली. दुरेघी वहीत वाक्य होतं, ‘दिवाळीत आम्ही किल्ला करतो.’ खाली सोसायटीच्या आवारात पोरं खरोखरच किल्ला करत होती. मातीची बादली कोणी उचलायची यावरून जुंपलेलं भांडण चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू येत होतं.

दिवाळीच्या सुट्टीत रोज एक पान, असा माधुरी टीचरचा मेसेज होता. तो आला सीतारामरावांच्याच फोनवर, कारण मुलगा आणि सून दोघंही सकाळी आठला मुलुंड स्टेशन गाठायची. घरात वाचून दाखवताना त्यांच्या तोंडून एकाची दोन पानं झाली. जीभ घसरली म्हणावं, तर नंतर त्यांनी ती सावरलीही नाही. पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात जन्ममृत्यूची रजिस्टरं लिहिण्यात त्यांची नोकरी गेली होती. अंदाज पक्का होता. एक पान साडेनवाला संपलं असतं आणि पोरगी खाली पळाली असती. दोन पानं, खाडाखोड धरून, जेवायच्या वेळेपर्यंत पुरत होती.

“देवव्रतला एकच पान आहे, आजोबा.”

देवव्रत खालच्या मजल्यावरचा, सोसायटीतल्या बहुतेक पोरांसारखा तिच्याच वर्गातला. सीतारामरावांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

“त्याचं अक्षर चांगलं आहे.”

“आणि माझं?”

“तुझं पण येईल.”

गंधालीने डावा तळवा लिहिलेल्या ओळींवर पसरला. त्या दिवसापासून कोणी जवळ आलं की तो तळवा आपोआप तिथे जायचा.

संध्याकाळी सून जया डबा घासता घासता म्हणाली, “पप्पा, सुट्टी आहे हो तिची. दोन-दोन पानं? टीचरचं डोकं फिरलंय का? मी फोन करते.”

“कशाला? उगाच पोरीवर डूख धरतील.”

“तेही खरंच,” जया म्हणाली आणि डबा पालथा घातला. सासऱ्यांवर तिचा भरवसा होता. सीतारामरावांना तेवढा भरवसा नको होता.

बाराव्या दिवशी त्यांनी मनाशी पक्कं केलं की आज काहीच पुसायचं नाही, पहिल्या पानावर सोडायचं. फोन हातात घेऊन मेसेज उघडला, वाचला, मिटला. पहिलं पान झालं. ते तोंड उघडणार तोच गंधालीने ओळीकडे डोळे बारीक करून बघितलं, खोडरबर ओढला आणि ती चांगली ओळ स्वतःच पुसून टाकली.

“चेपलं होतं ना, आजोबा?”

सीतारामराव उठले. स्वयंपाकघरात जाऊन तहान नसताना पेलाभर पाणी प्यायले.

शाळा उघडल्यावर चौथ्या दिवशी माधुरी टीचरनी त्यांना फाटकाशी गाठलं. हातात गंधालीची वही.

“काय अक्षर केलंय हो! मी एक सांगितलं, तर हिने दोन लिहिली. मी म्हटलं का गं? तर म्हणते, माझं चांगलं नाही म्हणून.” टीचर हसल्या. “किती समज असते ना पोरांना.”

“टीचर, ते…”

“नाही, श्रेय तुमचंच. घरी बसून करून घेणारं माणूस पाहिजे. आता नाताळात सगळ्यांनाच दोन पानं देते. गंधालीला माफ. तिला खेळू द्या.”

बोलायचं ते बोलायला एवढीच वेळ होती. मागून स्कूल बसवाल्याने हॉर्न दिला, टीचर बाजूला झाल्या आणि सीतारामराव नातीचं दप्तर खांद्याला लावून चालू लागले. हॉर्नचं निमित्त त्यांनी मनापासून घेतलं.

नाताळच्या सुट्टीच्या पहिल्या सकाळी गंधाली नऊच्या आधीच खाली गेली. सीतारामरावांनी पेपर उघडला. दारं उघडी होती, देवव्रतची आई खालून ओरडत होती, “दुसरं पान कोण लिहिणार, मी? ती चौथ्या मजल्यावरची लिहिते, तुला काय धाड भरलीय?”

गॅलरीतून त्यांनी वाकून पाहिलं. आवारात गंधाली एकटीच होती. चेंडू भिंतीवर मारायची, झेलायची, मग वर खिडक्यांकडे बघायची. थोड्या वेळाने ती थांबली.

जिना चढून ती आली, चप्पल काढली आणि वही घेऊन त्यांच्या शेजारी येऊन बसली.

“खाली कोणी नाहीये. सगळे लिहितायत.”

“मग तू…”

“मी पण दोन लिहिते. तुम्ही बघा हां.”

वर्गात पस्तीस मुलं. चौतीस जणांना सुट्टीभर रोज एक पान जास्त, आणि पस्तिसावीला खेळायला कोणी नाही. सीतारामरावांच्या वाट्याला मात्र सकाळ आली, जेवायच्या वेळेपर्यंतची, पुरी.